मी नाही, ती हो

बायको : "बुध. सहा पन्नास. मी नाही, ती हो." घ्या वन्सं, तुम्हीच वाचा. अक्षर कुणाचं आहे?

नणंद : त्याचंच आहे. पण अगं, दुसऱ्याच्या खिशातल्या वह्या वाचू नयेत.

बायको : वाचायला नव्हती काढली. ह्यांच्या युनिफॉर्मचा खिसा उसवलाय, तो शिवायला घेतला. लोकांचे कपडे शिवून पोट भरते मी, खिसा रिकामा केल्याशिवाय सुई लावत नाही.

नणंद : मग वही बाजूला ठेवायची आणि खिसा शिवायचा.

बायको : तीन पानं वाचून झाल्यावर? पुढे ऐका. "गुरू, सात दहा. मी हो, ती हो." "शुक्र, पाच वीस. मी हो, ती हो." पाच वीस म्हणजे पहाटेचे, वन्सं. सहाला शाळेची बस काढायची असते ह्यांना. त्याच्या आधी हे कुणाशी हो-हो करतायत?

नणंद : ड्रायव्हरमाणसं पाळ्या लिहून ठेवतात.

बायको : पाळीत "ती" कुठून आली? शाळेच्या ड्रायव्हरांत एक बाई नाही. मला कळलंय हे कसं चालतं ते. दोघांचं हो असलं की भेट, एकाचं नाही असलं की त्या दिवशी सुट्टी.

नणंद : शिवणकाम सोड आणि पोलिसात जा तू.

बायको : थट्टा नको. पाचच वार आहेत ह्या वहीत. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. रविवार नाही, कारण रविवारी हे माझ्या डोळ्यांसमोर असतात. सोमवार नाही, कारण सोमवारी मी मशीनला हात लावत नाही, घरभर फिरत असते. बाकीचे दिवस संध्याकाळी माझी मशीन खडखडत असते, पाठीमागून हत्ती गेला तरी मला कळायचं नाही. सगळं मोजूनमापून केलंय.

नणंद : तुझं डोकं फार चालतं गं.

बायको : अजून चालवते. बारा तारखेला ह्यांनी लिहिलंय शनी. मी कॅलेंडर काढून बघितलं. बारा तारखेला मंगळवार होता. बावीसला लिहिलंय गुरू, तेव्हाही वार दुसराच. सगळे वार चुकीचे आहेत, एकही जुळत नाही. म्हणजे उद्या मी वही पकडली तर म्हणायचं, अगं त्या दिवशी तर मी अमुक ठिकाणी होतो, विचार हवं तर. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची तयारी आहे ही.

नणंद : वार नाहीत ते.

बायको : मग काय आहे?

नणंद : ग्रह आहेत. नीट बघ, शनिवार लिहिलेलं नाही त्याने, नुसतं शनी लिहिलंय. शुक्र लिहिलंय. आकाशातला.

बायको : वा.

नणंद : वा काय? वारांची नावं ग्रहांचीच आहेत ना. रवी म्हणजे सूर्य, सोम म्हणजे चंद्र, आणि पुढचे पाच नुसत्या डोळ्यांनी दिसणारे ग्रह. आमच्या बाबांनी लहानपणी आम्हाला गच्चीवर नेऊन शिकवलं होतं. हा त्यांचाच नाद असेल, दुसरं काय.

बायको : तुम्ही तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंत, तुम्ही म्हणाल ते मी मान खाली घालून ऐकायचं. पण मला एक सांगा. ग्रहांवरून नावं ठेवली, तर मंगळानंतर बुध कसा? हे ग्रह आकाशात असे रांगेत आहेत का?

नणंद : नाहीत.

बायको : मग? शेंड्या लावताय मला.

नणंद : अगं, त्याचं गणित आहे. जुने लोक ग्रहांची रांग लावायचे ती वेगावरून. सगळ्यात संथ तो आधी. शनी, गुरू, मंगळ, मग सूर्य, शुक्र, बुध आणि सगळ्यात पळणारा चंद्र.

बायको : थांबा. बटणं घेते. काळं शनी. पिवळं गुरू. लाल मंगळ. हे मोठं सूर्य. पांढरं शुक्र, हिरवं बुध, शिंपल्याचं चंद्र. बोला.

नणंद : दिवसाच्या प्रत्येक तासाला एक ग्रह मालक. पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असं आळीपाळीने. सात झाले की पुन्हा शनी. ज्याच्याकडे दिवसाचा पहिला तास, त्याचं नाव त्या दिवसाला. तास चोवीस. साताच्या तीन फेऱ्या झाल्या की एकवीस तास गेले. उरले किती?

बायको : तीन.

नणंद : म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढच्याचा.

बायको : शनीपासून तीन घरं. गुरू, मंगळ, सूर्य. शनिवारनंतर रविवार. हं. सूर्यापासून शुक्र, बुध, चंद्र. सोमवार. चंद्रापासून परत इकडून, शनी, गुरू, मंगळ. अगं बाई.

नणंद : आहे की नाही? आणि वार या शब्दाचा अर्थच मुळी पाळी. आपण वारंवार म्हणतो ना, त्यातला वार.

बायको : मला आपला कापडाचा वार माहीत. बरं, हे जुळलं. म्हणजे एवढं खरं. आता खोटं कुठे आहे ते सांगा.

नणंद : खोटं कुठे असणार?

बायको : माणसाला ग्रह बघायचा नाद लागला तर तो घरी सांगतो. जेवताना बोलून बोलून कान किटवतो. हे वहीत लिहून खिशात लपवतात. आणि "ती" कोण? ती पण ग्रहच आहे का?

नणंद : तुझ्या मनात पाल चुकचुकली की ती थांबतच नाही. अगं, पहाटे पाचला त्या थंडीत शाल गुंडाळून कोण बाई चढणार आहे गच्चीवर?

बायको : शाल?

नणंद : म्हणजे थंडी असते म्हणून म्हटलं.

बायको : वहीत शाल नाही, वन्सं. गच्चीही नाही. गच्चीला जिना एकच, तो तुमच्या खोलीतून जातो. तुमच्या नकळत वर मांजरही जात नाही. तुम्ही त्यांना पाठीशी घालताय.

नणंद : मी काही बघितलेलं नाही.

बायको : माझ्याकडे बघून म्हणा.

नणंद : ही बटणं डब्यात टाकू का?

बायको : शाल निळी आहे का? एका कडेला मी आत टीप घातलेली? महिनाभर बघतेय, तिला सारखा चुना लागतो. आपल्या गच्चीच्या कठड्याचा. मी आपल्या चिमणीला विचारलं तर म्हणाली, आत्याच्या खोलीत अभ्यास करते, तिथल्या भिंतीचा लागतो. तुमच्या भिंतीला तर ऑइलपेंट आहे.

नणंद : तू खरंच पोलिसात जा.

बायको : "ती" म्हणजे चिमणी?

नणंद : हो.

बायको : माझी बारा वर्षांची पोर पहाटे पाचला बापाबरोबर गच्चीवर जाते आणि घरात मला सोडून सगळ्यांना माहीत आहे?

नणंद : ओरडू नकोस. बाई नाही निघाली ना कुणी? सुटलीस. आता वही ठेव आणि खिसा शिव.

बायको : सुटले कशी? मग हे "मी नाही, ती हो" काय आहे? ग्रह असतो नाहीतर नसतो. बापाला नाही आणि लेकीला हो, असा कुठला ग्रह? तुम्ही उठू नका, वन्सं. बसा. पहिल्या पानांवर सगळीकडे दोघांचं हो आहे. मग बुधाला ह्यांचं नाही. मग शनीला नाही. मग बघा, मंगळ, "मी पुसट". मंगळ, "मी नाही". गुरू, "मी नाही". आणि हे शेवटचं, मागच्या बुधवारचं. शुक्र. "मी नाही, ती हो." हो किंवा नाही म्हणजे काय? दिसला का?

नणंद : त्यालाच विचार. आला बघ.

(दाराची कडी. नवरा आत येतो, चपला काढताना भिंतीचा आधार घेतो.)

नवरा : अरे, आज दोघी एकत्र? काय शिजतंय? चिमणी मैत्रिणीकडे उतरली, सातपर्यंत येते म्हणाली. माझा शर्ट झाला का गं?

बायको : मी कुठल्या हातात काय धरलंय?

नवरा : हे काय नवीन?

बायको : सांगा ना. तुमच्यापासून चार पावलांवर आहे मी.

नवरा : बटण आहे. हातात बटणाशिवाय काय असणार तुझ्या.

बायको : तुमची वही आहे.

नवरा : ताई, तू सांगितलंस?

नणंद : मी तोंड उघडलेलं नाही. म्हणजे उघडलं, पण वारांबद्दल.

बायको : त्यांना नका विचारू, माझ्याशी बोला. डोळ्यांना काय झालंय?

नवरा : काही नाही. उजेड कमी असला की जरा अंधूक वाटतं. वय झालं.

बायको : सत्तेचाळीस. शुक्र दिसत नाही तुम्हाला. चंद्रानंतर सगळ्यात लखलखीत तोच ना, वन्सं? रस्त्यावरून चालताना मला दिसतो, मला नाव माहीत नसूनही दिसतो.

नवरा : दिवसा मी तुझ्यापेक्षा चांगला बघतो.

बायको : पहिल्या थांब्यावर सव्वासहाला पोचता. तेव्हा दिवस असतो?

नवरा : रस्ता पाठ आहे.

बायको : रस्ता पाठ आहे, रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का? गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाला आरसा घासून मोडला. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, रखवालदाराने फाटक अर्धंच उघडलं होतं. मी त्या बिचाऱ्याला चार दिवस नावं ठेवली. पूर्ण उघडलं होतं ना?

नवरा : हो.

बायको : आणि वर्षाची तपासणी? डोळ्यांचा दाखला आणलात की फेब्रुवारीत.

नवरा : तक्ता पाठ होता. बारा वर्षं तोच तक्ता आहे त्या दवाखान्यात. म्हणून तर वर जायला लागलो. म्हटलं, तक्त्याला फसवलं, स्वतःला फसवू नये. बाबांनी शिकवलेले पाच आहेत, ते दिसतात का बघावं. सूर्य-चंद्र काय, कुणालाही दिसतात. बुधाचं मनावर घेतलं नाही, तो चांगल्या डोळ्यांनाही मुश्किलीने दिसतो. पण मग शनी गेला. जागा माहीत होती, ढग नव्हते. ताईला दिसत होता.

नणंद : मी तेव्हाच म्हटलं होतं, डॉक्टरकडे जा. म्हणाला, मुलांच्या परीक्षा होऊ देत. मग म्हणाला, सुट्टी लागू दे.

बायको : आणि तुम्ही होऊ दिलंत. आणि चिमणीला का ओढलं ह्यात?

नवरा : तू बस आधी.

बायको : मला नका बसवू.

नवरा : बाबांचं असंच झालं होतं.

बायको : मामंजींचं? मी लग्न होऊन आले तेव्हा ते खिडकीशी खुर्चीत असायचे. मला सांगितलं होतं, म्हातारपणामुळे दिसत नाही.

नणंद : तेव्हा ते पंचावन्नचे होते.

नवरा : टपालात होते. पत्रं लावायचे खणांत. एका गल्लीची पत्रं दुसऱ्या गल्लीत जायला लागली, कुणाच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. मग सगळ्यांदेखत त्यांना खुर्चीवरून उठवलं. त्या दिवसापासून ते घरातल्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. रोज सकाळी विचारायचे, आज कुणाचा वार? त्यांना माहीत असायचं गं. कुणीतरी बोलावं म्हणून विचारायचे.

बायको : सोळा वर्षं माझ्यापासून हे लपवलंत. आणि चिमणीला हे तिच्या आजोबांकडून...

नवरा : म्हणूनच नेतो. तिला वाटतं खेळ आहे. मी म्हणतो, शनी शोध, ती बोट दाखवते. मी ताईला विचारतो, बरोबर आहे का. प्रत्येक वेळी बरोबर असतं. वही माझ्यासाठी नाही लिहिली मी. माझं काय व्हायचं ते होईल. तिच्या नावापुढे एकदा "नाही" आलं असतं ना, तर मी त्याच दिवशी तुला सांगितलं असतं, शपथेवर.

बायको : एकदाही नाही आलं?

नवरा : एकदाही नाही. बुधसुद्धा दिसतो तिला.

बायको : दुपारपासून मी एका बाईचा जीव घेत होते मनातल्या मनात. ती असती तर बरं झालं असतं हो. भांडता तरी आलं असतं. आता मी कुणाशी भांडू?

नणंद : रडू नकोस गं.

बायको : रडत नाही. एक सांगा मला. चिमणी सहा महिन्यांपासून बसमध्ये पुढच्याच सीटवर बसते. तुमच्या पाठीमागे. मैत्रिणी मागे बसतात, ही भांडून पुढे बसते. का?

नवरा : आवडतं तिला.

बायको : का?

नवरा : तीच म्हणाली पहिल्यांदा. मी लाल दिव्याला उशिरा ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या मागे बसली आणि हळूच म्हणाली, बाबा, लाल. मग रोजच. बाबा, सायकल. बाबा, आजी ओलांडतेय. मी म्हटलं, तू माझी कंडक्टर. हसली.

बायको : हसली. पोर आहे ती. चाळीस मुलांची गाडी ती चालवतेय आणि तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरलंय.

नवरा : हळू चालवतो मी.

बायको : एखाद्या दिवशी ती आजारी पडली असती तर? एखाद्या दिवशी खिडकीतून दुसरीकडे बघितलं असतं तर? मग आयुष्यभर तिला काय वाटलं असतं, कुणी चूक केली?

नणंद : हे मला माहीत नव्हतं रे. हे तू मला नव्हतं सांगितलंस.

नवरा : मला खुर्चीत बसायचं नाही, ताई. बावीस वर्षं गाडी चालवतोय. दुसरं काय येतं मला?

बायको : फोन लावा.

नवरा : कुणाला?

बायको : वाहतूक बघतात त्या साहेबांना. आत्ता. उद्याची गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल, त्यांना माणूस शोधायला वेळ हवा. नंबर मी लावून देते.

नवरा : हॅलो, साहेब? मी बोलतोय, पाच नंबरच्या गाडीचा. उद्या येत नाही, साहेब... नाही, ताप नाही. डोळे. नीट दिसत नाही... हो... कधीपासून म्हणजे, शनी... अं? हो. हो साहेब. बरं. ठेवतो.

बायको : काय म्हणाले?

नवरा : चांगले आहेत बिचारे. म्हणाले, डोळ्यांची साथ आहे, दोन ड्रायव्हर आधीच घरी बसलेत. शनिवारपासूनच ना, मग घाबरू नका म्हणाले. थेंब टाका आणि सोमवारी या.

बायको : तुम्ही शनिवार म्हणालात?

नवरा : मी शनी म्हणालो. शनिवार ते म्हणाले.

बायको : आणि तुम्ही हो म्हणालात.

नणंद : असू दे गं. उद्या गाडीवर नाही ना जात तो? बाकीचं हळूहळू सांगेल.

बायको : वन्सं, तुमचं हळूहळू मी वहीत वाचलंय. हे सोमवारी जाणार. थेंब टाकून जाणार, आणि म्हणणार, बरं वाटतंय. मी ओळखते ह्यांना.

नवरा : तुला कळतंय का मी काय सांगायचं ते? खरं सांगितलं तर प्रत्येक मुलाचे आईबाप शाळेत येतील. माझ्या तोंडावर विचारतील. रस्त्यात विचारतील. त्यांना काय सांगू?

बायको : माहीत नाही. त्यातली एक आई मी आहे, आणि मलाही काय सांगाल ते तुम्हाला सुचलं नव्हतं. तरी सांगितलंत ना? अजून बसलेय की मी इथे.

नवरा : नोकरी जाईल.

बायको : ती शनीबरोबरच गेली. तुम्ही कुणाला कळवलं नाही एवढंच.

नवरा : दे फोन.

नणंद : बस तरी खाली. उभ्यानेच काय बोलतोस.

नवरा : उभाच बरा आहे. साहेब? पुन्हा मीच. मघाशी तुमचा गैरसमज झाला, आणि मी तो होऊ दिला... नाही, शनिवार नाही, साहेब. सात महिने झाले. गाडी मी रोज चालवली... हो. मुलं असताना... हो, दोन्ही फेऱ्या.

बायको : काय म्हणतायत?

नवरा : काही नाही. गप्प आहेत.

बायको : ठेवू नका फोन. बोलू देत त्यांना.